आय-ट्वेंटीचे बाबा

निगडी प्राधिकरणातल्या कुठल्याही चौकात सकाळी सव्वासहाला जाऊन उभे राहा. कंपनीच्या बसची वाट बघत पाच-सहा जण उभे असतील. राखाडी शर्ट, खिशावर कंपनीचं नाव, पायात सेफ्टी शूज, खांद्याला डब्याची पिशवी. त्यांतले जे गृहस्थ "काय, बरं आहे का?" असं न विचारता "मुलीची जीआरई कधी?" असं विचारतील, ते आय-ट्वेंटीचे बाबा. आपली मुलगी सहावीत आहे हे सांगून काही उपयोग नसतो. "मग वेळ आहे. पण व्होकॅब आत्तापासून घ्या," असं बजावून ते बसमध्ये चढतात आणि खिडकीतून बोटांनी तीन, चार, शून्य अशी खूण करतात. जीआरई ३४० पैकी असते.

आमच्या विंगेतले बाबा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. डिप्लोमा कराडचा. नोकरीसाठी त्यांनी आयुष्यात एकच अर्ज लिहिला, तोही फुलस्केपच्या अर्ध्या पानावर. भोसरीच्या शेडमध्ये मालकांनी हातात व्हर्नियर दिला, यांनी रीडिंग बरोबर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून फर्स्ट शिफ्ट. निबंध नाही, शिफारस नाही, फी नाही. अशा माणसाला मेकॅनिकल झालेला मुलगा एका रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, मी एमएस करतो. अमेरिकेत." बाबांनी घास खाली ठेवला. आईला वाटलं, आता खर्चाचं विचारतील. बाबांनी विचारलं, "प्रोसेस काय आहे?"

तिथून पुढे मुलगा बाजूला पडला.

आठवड्याभरात त्यांच्या बोलण्यातला 'तो' जाऊन 'आम्ही' आला. "आमची जीआरई ३१८. टोफेल १०४. आम्ही फॉलला चाललोय." फॉल म्हणजे ऑगस्ट, हे त्यांनी लिफ्टमध्ये मला दोनदा समजावलं. काही विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केल्याचं मुलानं दाखवलं, तेव्हा बाबा हसले. "ऑडिटमध्ये ऐच्छिक असं काही नसतं. ऑडिटर ऐच्छिक म्हणाला, की ती फाइल आधी काढून ठेवायची."

सगळा अभ्यास बसमध्ये झाला. मोशी सोडल्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत जो वेळ जातो, त्यात माणूस दुसरी पदवी घेऊ शकतो. बाबांनी त्या वेळात अमेरिका पाठ केली. एक्सेलची शीट तयार झाली. अँबिशस तीन, मॉडरेट तीन, सेफ दोन; लाल, पिवळा, हिरवा. प्रत्येक गावाचं हवामान, भाडं, जवळचे कारखाने. अमेरिकेचा भूगोल त्यांना आपल्याकडच्या गावांवरून समजत गेला. पिट्सबर्ग? "स्टीलचं गाव. आपल्यासारखंच." ॲरिझोनातलं टेम्पी? "सोलापूर समजा, फक्त एसी जास्त." बफेलोचं नाव निघालं तेव्हा आजींनी अर्थ विचारला. नातवाने सांगितला. "म्हशीच्या गावाला जायचं तर एवढा खर्च कशाला?" आजी म्हणाल्या. "आपल्या मसूर गावाला काय कमी म्हशी आहेत?" बफेलो शीटमध्ये हिरव्यात होतं. आजींच्या डोळ्यांत ते कायमचं लाल झालं.

खरा पेच एसओपीवर पडला. चाकण पट्ट्यात एसओपी म्हणजे मशीनशेजारी लॅमिनेट करून टांगलेला कागद: आधी क्लॅम्प तपासा, मग कूलंट सुरू करा, मग सायकल स्टार्ट. बाबांनी अशा शेकडो लिहिल्या आहेत. अमेरिकन विद्यापीठं मागतात ती एसओपी वेगळी: मी कोण, मला हे का शिकायचंय आणि तुमच्याकडेच का, हे सांगणारा दोन पानी निबंध. मुलाने तो लिहून बाबांना दिला. बाबांनी लाल पेन काढलं.

"स्टेप नंबर कुठे आहेत?"

"बाबा, हा निबंध आहे."

"असू दे. हे काय लिहिलंयस? 'लहानपणी मी घरचा मिक्सर उघडून पाहिला आणि यंत्रांविषयी कुतूहल जागं झालं.' मिक्सर बंद पडला होता?"

"नाही, चालू होता."

"आणि तू उघडल्यावर?"

"...बंद पडला."

"परत सुरू झाला?"

आतून आईचा आवाज आला, "नाही झाला. नवीन घ्यावा लागला."

"म्हणजे एनसी ओपन आहे," बाबा म्हणाले. एनसी म्हणजे तपासणीत निघालेली त्रुटी. "ओपन एनसी कस्टमरला पाठवायची नाही. काढ ते."

मिक्सर गेला. त्या जागी चाकणच्या इंटर्नशिपमध्ये एका फिक्श्चरचा सेटअपचा वेळ कसा कमी केला, ते आलं; आकड्यांसकट. हे मात्र मान्य केलं पाहिजे, निबंध सुधारला. 'तुमच्याच विद्यापीठात का?' या परिच्छेदावर बाबांनी व्हाय-व्हाय लावलं. का? लॅब चांगली आहे. का चांगली? अमुक प्राध्यापक आहेत. त्यांचं काय वाचलंस? चौथ्या 'का'ला मुलगा गप्प झाला. पुढचे चार दिवस त्याने खरोखरच त्या प्राध्यापकांचे पेपर वाचले. हे काम एखाद्या सल्लागाराने बरेच पैसे घेऊन केलं असतं. बाबांनी चहावर केलं.

शिफारसपत्रं, म्हणजे एलओआर, तीन लागतात. एका सरांनी सांगितलं, "तूच लिहून आण, मी बघून सही करतो." मुलगा संकोचला. स्वतःची तारीफ स्वतः कशी लिहायची? बाबांना यात काहीच अवघड वाटलं नाही. ते त्याला गॅलरीत घेऊन गेले आणि चौकातला फ्लेक्स दाखवला. वर भावी नगरसेवकांचा हसरा फोटो, त्याखाली कर्तृत्वाची यादी, आणि तळाशी ओळीने बारा छोटी डोकी. "मजकूर कोणी लिहिला असेल? फोटोवाल्यानेच. खालचे कोण? शुभेच्छुक. एलओआर म्हणजे शुभेच्छुक. लाजतोस कशाला?"

मग नावांचं ऑडिट. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. विद्यापीठाच्या पोर्टलवर फर्स्ट, मिडल, लास्ट. बाबांनी सगळे कागद डायनिंग टेबलावर पसरले आणि भिंगातून एकेक स्पेलिंग ताडलं, कारण मधलं नाव त्यांचं स्वतःचं होतं. एका मार्कशीटवर त्यात एक 'ए' जास्त होता. तो 'ए' काढून घ्यायला त्यांनी एक कॅज्युअल लीव्ह खर्च केली. "कागदावर मी चुकलो, तर तू अडकशील," एवढंच म्हणाले.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण बाबाही तो थोडक्यातच सांगतात. बँका सहसा साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. गावची पाच एकर जिरायत बँकेला चालत नाही, प्राधिकरणातला फ्लॅट चालतो. व्हॅल्युएटर आला, भिंतींवर टकटक करून गेला. आईने त्याला पोहे दिले, वर खोबरं जरा जास्तच. भिंतींची किंमत पोह्यांवर ठरते असा त्यांचा समज असावा. त्या दिवसापासून घरात प्रत्येक गोष्ट डॉलरात मोजली जाऊ लागली. अर्जाची फी एका विद्यापीठाची साधारण ७५ ते १०० डॉलर, आणि ती परत मिळत नाही. "म्हणजे नाही म्हणायचेही पैसे घेतात," आजींनी नेमकं ओळखलं.

फेब्रुवारीत पहिलं 'नाही' आलं. खेद वाटतो, यंदा अर्ज फार उत्कृष्ट होते, शुभेच्छा. बाबांनी मेल खालपर्यंत सरकवून पाहिली. "डिफेक्ट कुठे लिहिलाय?" लिहिलेला नव्हता. तीस वर्षांत असं रिजेक्शन त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे जॉब रिजेक्ट झाला की लाल टॅग लागतो, त्यावर कारण असतं, फोटो असतो; मग एट-डी रिपोर्ट लिहायचा, मूळ कारण शोधायचं, रिवर्क करायचं. कस्टमर फारच चिडला, तर आपली माणसं त्याच्या गेटवर जाऊन माल निवडून देतात. "जाऊन निवडून द्यायची सोय आहे का?" त्यांनी मुलाला खरंच विचारलं. त्या रात्री दीड वाजता त्यांच्या हॉलमधला दिवा चालू होता. दुसऱ्या दिवशी शीटमध्ये त्या रांगेपुढे शेरा होता: 'कस्टमरकडे तपासणीचं साधन नाही.'

घरच्यांचं शिक्षण असं स्वतःच्या अंगावर घेणाऱ्यांची जात मराठी माणसांत नवी नाही. गोपाळराव जोश्यांनी १८७८ साली कोल्हापुरातून, आपल्या बायकोला अमेरिकेत शिकवायचंय म्हणून एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं, आणि १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या; १८८६ साली डॉक्टर झाल्या. गोपाळरावांचा हट्ट, तिरसटपणा आणि कागदपत्रांचा सोस यांवर बरंच लिहिलं गेलंय. बाबांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "पाच वर्षं? आणि पोर्टल नसताना? चांगला लीड टाइम आहे."

मार्चमध्ये पिवळ्यातल्या एका विद्यापीठाचं 'हो' आलं. आय-ट्वेंटी आली. विद्यापीठाने प्रवेश दिलाय आणि खर्चाची सोय दाखवलीय असं सांगणारा हा कागद. त्याशिवाय व्हिसाच्या खिडकीशी उभं राहता येत नाही. बाबांनी त्याच्या प्रती काढल्या, एक बँकेला, एक देवापुढे, एक स्वतःच्या डब्याच्या पिशवीत. विंगेत त्यांचं नाव पडलं ते तेव्हापासून.

आणि मे २०२५ संपता संपता अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं. जूनमध्ये सुरू केलं, ते नव्या अटीसह: सोशल मीडियावरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवा. मुलाने इन्स्टाग्राम उघडं केलं, आणि अमेरिकेच्या आधी ते बाबांनी पाहिलं. पवना डॅमचा कॅम्प होता. 'सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्टवर जागतोय' असं सांगून गेलेली ती रात्र होती. बाबांनी शांतपणे विचारलं, "हे अमेरिकेला चालेल. आईला काय सांगायचं?"

मुलाखत मुंबईला, बीकेसीत. त्याआधी घरी तीन सराव झाले. बाबा टेबलापलीकडे टाय लावून बसले. खर्च कोण करणार, हा प्रश्न ते स्वतःच विचारत आणि "माझे वडील" हे उत्तर ऐकून दर वेळी खाली बघत. प्रत्यक्षात कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेता येत नाही आणि वडिलांनाही. रस्त्यापलीकडे बाबा मुलाचा फोन धरून उभे राहिले. मग बाजूच्या मुलीचा धरला, मग नांदेडच्या दोघांचा. मुलगा बाहेर आला तेव्हा बाबांच्या हातात सहा फोन होते आणि एक वाजत होता. मुलाखत तीन मिनिटं चालली. "कागद बघितलेच नाहीत," मुलगा म्हणाला. बाबांना व्हिसा मिळाल्याचा आनंद झाला, पण एवढी इंडेक्स लावलेली फाइल कोणी उघडली नाही याची चुटपुट अजून आहे.

ऑगस्टात पॅकिंग झालं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. घरच्या वजनकाट्यावर बाबांचा विश्वास नव्हता, म्हणून बॅगा सोसायटीजवळच्या किराणावाल्याच्या काट्यावर गेल्या; तिथे त्यांनी आधी कॅलिब्रेशनची तारीख पाहिली. कुकर, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. आईने दोनशे ग्रॅम कुळथाचं पीठ जास्त घातलं, ते त्यांनी काढलं. विमानतळावर मुलगा आत गेला, तेव्हा आई रडली. बाबा काचेतून बॅगांवरचे टॅग मोजत होते. माल गेटबाहेर गेला की त्यांच्याकडे काम संपत नाही, तिकडून पोचपावती यावी लागते. एकवीस तासांनी मुलाने एकच शब्द पाठवला, "पोहोचलो." बाबांनी उत्तर दिलं, "ओके. रिसीव्ह्ड." मग बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

सप्टेंबरात नव्या एच-वन-बी, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. बारशाला न आलेल्या माणसांनीसुद्धा काळजी व्यक्त केली. बाबा सगळ्यांना एकच सांगत: "डिस्पॅच झाल्यावर कस्टमरने ड्रॉइंग बदललं. आमच्याकडे हे दर महिन्याला होतं. मुलाला आधी शिकू दे."

आता ते बसमध्ये इतरांच्या मुलांच्या एसओपी तपासतात, फुकट. मिक्सर, रेडिओ, आजोबांची सायकल, लहानपणी उघडलेलं सगळं ते कापतात. मोबाइलवर दोन घड्याळं आहेत. रविवारी सकाळी मुलगा फोन करतो, तो त्याचा शनिवार असतो.

मी एकदा विचारलं, "तुम्ही कधी जाऊन येणार?" बाबा म्हणाले, "बघू. आधी पासपोर्ट काढायला पाहिजे." मला खरं वाटलं नाही. अख्ख्या निगडीचे पासपोर्ट ज्यांनी भिंगाखाली घातले, त्यांचा स्वतःचा नाही. "कधी गरजच पडली नाही," ते म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. मुलाच्या विद्यापीठाच्या ओळखपत्राचा फोटो होता. नाव, मग आडनाव, आणि मध्ये इंग्रजीतलं एक अक्षर, पुढे टिंब. ते अक्षर त्यांच्या नावाचं आहे.