सी-साहेब आणि एस-साहेब यांस

प्रति,
सी-साहेब, अक्षर क्रमांक 3,
एस-साहेब, अक्षर क्रमांक 19,
इंग्रजी वर्णमाला.

विषय : प्रॅक्टिस आणि लायसन्स या दोन शब्दांतील आपल्या वारंवार होणाऱ्या बदल्यांबाबत.

महोदय,

मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर ज्याची चूल पेटते असा माणूस. आमच्या छापखान्यात काम बहुतेक मराठीच येतं. पण इंग्रजी मजकूर आला की मालक तो माझ्या टेबलावर सरकवतात, कारण ‘याला ते सी आणि एसचं कळतं’ अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती कशी झाली ते मला आठवत नाही. एकदा झाली ती झाली. तिच्यापायी गेली तीस वर्षं मी तुम्हा दोघांच्या मागे लाल पेन घेऊन फिरतो आहे, आणि आज रजा घेऊन हे पत्र लिहीत आहे.

तुमचा नियम मला पाठ आहे. नाम असेल तर सी-साहेबांनी बसायचं, क्रियापद असेल तर एस-साहेबांनी. डॉक्टरांची प्रॅक्टिस जोरात चालते, तेव्हा ती सीने लिहायची. डॉक्टर प्रॅक्टिस करतात, तेव्हा तोच शब्द एसने. लायसन्स खिशात असेल तोवर ते सीचं. सरकार ते देतं, त्या देण्यालाही इंग्रजीत लायसन्स हेच क्रियापद असतं, आणि तिथे एस. शाळेत आमच्या बाईंनी युक्ती सांगितली होती : नामाचं इंग्रजी नाव एनने सुरू होतं, क्रियापदाचं व्हीने, वर्णमालेत एन आधी, व्ही नंतर, तसाच सी आधी, एस नंतर. युक्ती नामी आहे. फक्त ती वापरायची तर वर्णमाला दोनदा मनात म्हणावी लागते, आणि तोवर गिऱ्हाईक समोर उभं असतं.

एवढं करून कानाला फरक किती? शून्य. तुमच्या ॲडव्हाइसचं मी समजू शकतो. नाम असताना शेवटी स ऐकू येतो, क्रियापद होताच त्याचा ज होतो. ऐकणाऱ्याला निदान पत्ता लागतो की साहेब बदलले. प्रॅक्टिसच्या बाबतीत मात्र तुम्ही दोघं एकाच आवाजात बोलता. त्यातून सी-साहेब, तुमचा स्वतःचा असा आवाजच नाही. कॅट म्हणताना तुम्ही क-कडून उसना घेता, सिटी म्हणताना स-कडून. ज्यांचं सगळं उधारीवर चाललं आहे त्यांनी खुर्चीवरून एवढी कटकट करावी?

आता मूळ तक्रारीकडे येतो. एक तरुण वकीलसाहेब आमच्याकडे छोटी पुस्तिका छापायला घेऊन आले. नागरिकांचे मूलभूत हक्क, डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी. मी प्रुफं तपासून दिली. दोन दिवसांनी ती परत आली, तर जिथे जिथे एस होता तिथे तिथे सी. वकीलसाहेब म्हणाले, “काका, कॉम्प्युटर एसखाली लाल रेघ मारत होता. मी सगळे एका दमात बदलून टाकले.” मी म्हटलं, “साहेब, ही राज्यघटना आहे.” ते म्हणाले, “पण रेघ येते ना.”

मग मी कपाटातून घटनेची प्रत काढली. कलम 17 : अस्पृश्यता संपवली, आणि ती कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई केली. इंग्रजीत हे पाळणं म्हणजे प्रॅक्टिस, नाम म्हणून आलेली, सीने. कलम 19 : कोणताही पेशा करण्याचा हक्क. क्रियापद, एसने. कलम 25 : धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क. पुन्हा क्रियापद, पुन्हा एस. आणि त्याच कलमात चार ओळी खाली धार्मिक आचाराचा उल्लेख नाम म्हणून येतो, तिथे निमूटपणे सी. ही मूळ इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. टाकाने लिहिणाऱ्या माणसाला लाल रेघेची भीती नव्हती, हे आपलं भाग्य.

वकीलसाहेब तरीही पटवून घेईनात. तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, “तुम्ही ज्या कायद्याच्या जोरावर कोट घालून उभे राहता, त्या 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 30 बघा. वकिलांचा प्रॅक्टिस करण्याचा हक्क. मथळ्यातच एस आहे.” त्यांनी मोबाइलवर बघितलं. गप्प झाले. मग म्हणाले, “हे कलम लागू व्हायला 2011 उजाडलं, माहितीये का तुम्हाला?” माहीत होतं. पन्नास वर्षं ताटकळलेलं ते कलम माझं फार लाडकं आहे. आमची बिलंही साधारण त्याच गतीने वसूल होतात.

तर महोदय, लाल रेघ आली कुठून? अमेरिकेतून. कॉम्प्युटरची भाषा अमेरिकी ठेवलेली होती. नोआ वेबस्टर या गृहस्थांनी 1828 साली आपला मोठा कोश काढला आणि त्यात ठरवलं की प्रॅक्टिसचं क्रियापदही नामासारखंच सीने लिहावं. त्यांचा मुद्दा असा, की नोटीस हा शब्द नाम असो वा क्रियापद, सीनेच लिहितात. मग प्रॅक्टिसने काय घोडं मारलंय? मुद्दा बिनतोड आहे. माझ्या मनात वेबस्टरसाहेबांविषयी आदर दाटून येतो, आणि मग मला लायसन्स आठवतं. त्याच अमेरिकेत लायसन्स दोन्हीकडे एसने लिहितात. एका शब्दात सी-साहेब जिंकले, दुसऱ्यात एस-साहेब, आणि तह झाला! दोन भावांनी वाडा वाटून घ्यावा, पुढचा एकाने, मागचा दुसऱ्याने, तसं. वाटणी कशाच्या आधारे झाली, ते भावांनाच ठाऊक.

इंग्लंडचंही फार कौतुक नको. तिथे नियम पाळतात म्हणावं, तर नोटीस आणि सर्व्हिस तिथेही क्रियापद झाले तरी सीलाच चिकटून बसतात. आणि प्रॉमिस नाम असतानाही उजळ माथ्याने एस लावून फिरतो. नियम फक्त आमच्यासारख्यांसाठी. दुसऱ्यांचा कुळाचार आपणच सगळ्यात निष्ठेने पाळायचा, ही आमची जुनी खोड. आमचा 1988 चा मोटार वाहन कायदा बघा. खिशातल्या कार्डाचा उल्लेख नाम म्हणून येतो, सीने. ते देणारा अधिकारी क्रियापदापासून झालेला, म्हणून एसने. एकाच वाक्यात तुम्ही दोघं शेजारी-शेजारी बसलेले सापडता, आणि एकही कॉमा वाकडा नाही. लंडनमध्ये याहून शिस्त असेल असं मला वाटत नाही.

आता मराठीचं सांगतो. मराठीने तुमच्या भांडणात पडायचं नाही असं केव्हाच ठरवलं. तिने दोघांनाही नाम म्हणून आत घेतलं आणि क्रियापदाचं काम घरच्या माणसावर सोपवलं. प्रॅक्टिस ‘करतात’. प्रॅक्टिस ‘थाटतात’, ‘मांडतात’, ‘गुंडाळतात’, आणि नेटमध्ये ‘मारतात’सुद्धा. लायसन्सचं तर विचारूच नका. तुमच्या भाषेत हे क्रियापद वरून खाली वाहतं : सरकार देतं. आमच्याकडे लायसन्स ‘काढतात’. विहिरीतून पाणी काढावं, अंगातून घाम काढावा तसं. एजंटच्या पाटीवर ‘लायसन्स काढून मिळेल’ असंच लिहिलेलं असतं, आणि त्या तीन शब्दांत नागरिक, सरकार आणि मधला माणूस असे तिघंही आले. सरकारी मराठी याला अनुज्ञप्ती म्हणते. अनुज्ञप्ती मात्र कोणी काढत नाही. ती फक्त अर्जात राहते.

एक सल मात्र आहे, तो लपवत नाही. फारसी-अरबी शब्द आमच्याकडे आले, चाकरीत मुरले, आणि आम्ही त्यांना क्रियापदाचा मान दिला. बदल होता, त्याचं बदलणं झालं. खर्च होता, तो खर्चणं झाला. फर्मान आलं तसं फर्मावणंही आलं. तुमच्या शब्दांना दोन शतकं उलटून गेली तरी अजून ‘करणे’चं बोट धरूनच चालावं लागतं. प्रॅक्टिसणे म्हणायला कोणी धजत नाही. आमच्या नातवंडांपैकी कोणी अधूनमधून ‘गुगलून बघ’ म्हणतं, तेव्हा मला वाटतं, मुरायला सुरुवात झाली बहुतेक. त्याच नातवंडांनी नोटीसचं मात्र वाटोळं केलं. आमच्या काळी नोटीस बेलिफ घेऊन यायचा, ती बजावली जायची, घरात रडारड व्हायची. आता ‘आजोबा, मी नोटीस केलं, तुमचे केस कमी झालेत.’

तुम्ही म्हणाल, मोठे शहाणे! तुमच्या लिपीत सगळं ऐकू येतं तसंच असतं काय? नाही, महोदय. या बाबतीत मी तुमच्यापुढे मान खाली घालून उभा आहे. ‘जगात पाणी नाही’ हे वाक्य घ्या. जग म्हणजे दुनिया असेल तर ज वेगळा, पाणी वाढायचं भांडं असेल तर ज वेगळा. मराठी माणसाच्या कानाला दोन्ही स्वच्छ कळतात, कागदावर एकच अक्षर. तुमच्याकडे डोळ्याला दिसतं ते कानाला कळत नाही. आमच्याकडे कानाला कळतं ते डोळ्याला दिसत नाही. आणि ज्या अनुस्वारांचा उच्चार बहुतेकांच्या तोंडून केव्हाच गेला होता, ते आम्हीही पिढ्यान् पिढ्या डोक्यावर मिरवले. नांव, कांहीं, करणें, घरें. त्यांतले काही तर तुमच्यासारखेच व्याकरणाची निशाणी म्हणून उभे असत : घरें म्हटलं की नपुंसकलिंगी अनेकवचन, हे टिंब पाहून ओळखायचं. 1962 साली साहित्य महामंडळाचे नियम आले आणि ही टिंबं गेली. माझ्या गुरुजींना महिनाभर करमलं नाही, मोकळ्या शिरोरेषेकडे बघून ते म्हणत, “घर भकास दिसतंय रे.” कोकणात आणि गोव्यात मात्र ते टिंब माणसांच्या नाकात अजून ऐकू येतं. म्हणजे आम्ही जे निरुपयोगी म्हणून काढून टाकलं, ते कोणाच्या तरी तोंडात जिवंत होतं. तुम्हा दोघांच्या बाबतीत तशी कोणतीही साक्ष मला सापडलेली नाही. सापडली तर कळवावी.

तोवर माझी विनंती एवढीच. तुम्ही दोघांनी एकदा बसून ठरवावं आणि एका शब्दाला एकच साहेब नेमावा. चिठ्ठी टाका, नाणं उडवा, वेबस्टरसाहेबांचं ऐका किंवा ऐकू नका. पण ते ठरेपर्यंत आमच्या वकीलसाहेबांच्या कॉम्प्युटरला तरी समज द्यावी. त्यांनी पुस्तिकेतले सगळे सी पुन्हा एस करून पाठवले आहेत. कलम 17 मधलासुद्धा.

आपला नम्र,
एक मुद्रितशोधक

ता. क. : पत्र देवनागरीत लिहिल्यामुळे तुम्हा दोघांना त्यात कुठेही बसायला जागा मिळालेली नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.