शनवारी घाणा बंद!

“काकू, कव्हा आलात अलिबागहून? लेकीचं नवं घर कसंय?”

“काल रातच्याला आले. घर झ्याक हाय गं, पण घरमालकीण आजी ज्यू निघाली!”

“अगं बाई! म्हंजे फॉरेनची?”

“कशाची फॉरेनची! मराठी माझ्याहून ठसक्याची. यांची आडनावंही गावावरून. पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. ‘गोलमाल’ पिक्चरमधले टकलू, हसरे डेव्हिड आठवतात? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, यांच्यातलेच.”

“पण कोकणात आले कसे म्हणायचे?”

“त्यांच्यात सांगतात, दोन हजार वर्षांमागं नवगावपाशी गलबत फुटलं. सात गडी न् सात बाया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समद्या बुडाल्या. मग तेल गाळायचा धंदा धरला, पण शनवारी घाणा बंद म्हंजे बंद! गावानं नाव पाडलं, शनवार तेली.”

“आपण शनवारी तेल घरात आणत नाही, ते गाळत नव्हते. जमलं की!”

“आन् मलिदाही करतात.”

“दर्ग्यावर चढवतात तसला?”

“नव्हं. गोड पोहे, खोबरं, वर फळं. लगीन ठरलं, नवस फिटला की एलियाहू हन्नबी या त्यांच्या पैगंबराच्या नावानं.”

“मग एवढी माणसं गेली कुठं?”

“१९४८ ला इस्रायल झालं, मागोमाग घरंच्या घरं निघाली. तिकडचे धर्मगुरू म्हणले, सोयरीक करायची तर आधी वंशावळ तपासू. झालं, यांनी धरणं धरलं! १९६४ ला तिथल्या सरकारनं सांगितलं, हे पुरते ज्यू हायेत, तव्हा कुठं मिटलं.”

“बघा, कोकणात शेजाऱ्यानं कधी दाखला मागितला नाही, भाऊबंदांनी मागितला.”

“कागद इथंही झाला की. २०१६ ला राज्यानं अल्पसंख्याक म्हणून नोंदलं. पण तो सवलतीपुरता.”

“तिकडं मराठी सुटली असंल.”

“छे! ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. इथं ते इस्रायली, तिथं हिंदुस्थानी.”

“आपले ऊसतोडीवाले कारखान्यावर गेले की बीडवालेच होतात, तसं.”

“आजीची लेकरंही तिकडंच. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ चं देऊळ हाय, सिनेगॉग म्हणतात त्याला. पण धा बाप्ये जमल्याबिगर सामुदायिक प्रार्थना होत नाही. आजी म्हणली, आता माणसं मोजावी लागतात.”

“जीव तुटतो ऐकून. बरं, मागच्या गल्लीतल्या सोयरिकीचं कळलं का? पोरीच्या आज्याच्या गावापस्तोर चौकशी केली म्हणं.”

“पस्तोर काय, पार पणज्यापस्तोर! मीच फोन लावून दिले की.”

“मग काकू, त्या धर्मगुरूंना कशाला नावं ठेवायची?”

“गप गं! चहा टाक, आलेच मी.”