खटका उडालाच पाहिजे!

नारायण पेठेत खटका उडायला कारण लागत नाही. जिन्याखाली कुणी सायकल लावली, वरच्यांच्या कुंडीतलं पाणी खालच्यांच्या वाळवणावर पडलं, किंवा दिवसभरात यातलं काहीच घडलं नाही, तरी संध्याकाळपर्यंत एखादा खटका उडतोच. पण परवा आमच्या घरी जो उडाला त्याचं कारण अपूर्व होतं. नव्या गाडीत एकही खटका नव्हता.

गाडी घेताना विक्रेत्याने हीच गोष्ट मुलाला बोर्डात नंबर मिळाल्याच्या थाटात सांगितली होती. "सर, बटणांची कटकटच नाही. सगळं टच!"

आम्ही ज्या पेठेत वाढलो तिथे दर दहा पावलांवर एक पाटी असते आणि निम्म्या पाट्यांचा आशय एकच असतो: हात लावू नये. भिंतीला लावू नये, मालाला लावू नये, दारातल्या गाडीला तर मुळीच लावू नये. बेल एकदाच वाजवावी आणि वाट पाहावी. असे संस्कार झालेल्या माणसाला 'सगळं टच' हे ऐकूनच संकोचल्यासारखं झालं. हिने मात्र चौकशी सुरू केली.

"एसी कमी करायला?"

"टच."

"काच पुसायला?"

"टच."

"डिकी उघडायला?"

"टच, मॅडम."

"आणि ब्रेक?"

तो क्षणभर गप्प झाला. म्हणजे तिकडेही विचार चालू असावा.

नव्या गाडीला पहिली सलामी दिली ती पावसाने. जुलैतली संध्याकाळ, पत्र्या मारुतीचा चौक, वरून संततधार. काचा बंद, आत चार माणसं आणि चौघंही बोलणारी, त्यामुळे पुढची काच आतून बघता बघता धुरकटली. जुन्या गाडीत अशा वेळी एक गोल बटण उजवीकडे पिळायचं असे. ते कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, माझ्या हाताला माहीत होतं. इथे पडद्यावर आधी एक सूचना उमटली: 'गाडी चालवताना लक्ष रस्त्यावर ठेवा.' ती जाण्यासाठी 'मान्य' असं लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवायचं होतं. चौकोन शोधायला रस्त्यावरचं लक्ष काढावं लागलं. लक्ष काढून मी लक्ष ठेवण्याचं मान्य केलं.

मग पंख्याचं चित्र. पंख्याच्या पोटात आणखी सहा चित्रं. त्यातलं वाफाळत्या चहाच्या कपासारखं दिसणारं चित्र काचेचं, असं हिचं म्हणणं. ते सीट गरम करण्याचं निघालं. काच जरा खाली केली, तर खिडकीतून आलेले चार थेंब पडद्यावर पडले आणि पडद्याला वाटलं, आणखी कुणीतरी बोट लावलं. त्याने परस्पर गाणी सुरू केली. या काचा बोट टेकल्याने काचेवरच्या विजेत होणारा बदल ओळखून चालतात. त्यांना ओलं बोट आणि पावसाचा थेंब यांतला फरक धड कळत नाही, आणि हातमोज्यातलं बोट तर अनेकदा कळतच नाही. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली उन्हाळ्यात कोपरापर्यंत हातमोजे घालतात. त्यांनी या गाड्या चालवायच्या कशा, हा प्रश्न डिझाइन करणाऱ्याच्या मनात आला नसावा. तो बहुधा कोरड्या गावचा असेल.

शेवटी भाच्याने शिकवलेला उपाय केला. आवाजी हुकूम. गाडीतल्या बाईंना मराठी येत नाही आणि आमची हिंदी पेठेतली. "काच पुसो," मी म्हणालो. बाईंनी नम्रपणे 'जी' म्हटलं आणि चारही काचा खाली केल्या. मागच्या सीटवर आत्या होत्या, लग्नाला निघालेल्या, पैठणीत. पुढचा खटका कुणाकुणात आणि किती वेळ उडाला हे इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावलं. तो याच धंद्यात आहे. गाड्यांच्या पडद्यामागचं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे आमच्या घरातच कळीचा नारद.

"मामा, तू जुन्या काळात आहेस," तो म्हणाला. "बटण म्हणजे खर्च. प्रत्येकाला वेगळा साचा, वेगळी वायर, वेगळा जोड, वेगळी चाचणी. एक पडदा टाकला की सगळी बटणं त्यात लिहून टाकता येतात. नंतर बदलताही येतात. रात्रीत अपडेट येतो आणि सकाळी गाडी नवी!"

हे खरं निघालं. पुढच्याच आठवड्यात अपडेट आला आणि डावीकडचं एसीचं चित्र उजवीकडे गेलं. आमच्याकडे सम तारखेला या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला, असं पार्किंग असतं. तो नियम आता गाडीच्या आतही लागू झाला. रस्त्यावर निदान पाटी तरी असते.

पण भाच्याच्या बोलण्यातली कळ मला तिथेच सापडली. बटण काढलं ते खर्च वाचवायला आणि विकलं ते चैन म्हणून. आमच्या लहानपणी खानावळवाला आमटी पातळ झाली की 'आज पचायला हलकी केली आहे' असं सांगे. त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की तो त्याचे जादा पैसे घेत नसे.

पडद्याची हौस नवी नाही. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९८६ साली रिव्हिएरा गाडीत टचस्क्रीन बसवला होता. गिऱ्हाइकांनी इतकी बोटं मोडली की काही वर्षांत तो गेला. २०१२ मध्ये टेस्लाने मॉडेल एसमध्ये १७ इंचांचा पडदा उभा केला आणि सगळ्या जगाला आपला डॅशबोर्ड उघडा वाटू लागला. २०१८ च्या मे महिन्यापासून अमेरिकेत नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कॅमेरा म्हटला की पडदा आलाच. मागचं दिसावं म्हणून पडदा आला आणि पुढचं दिसेनासं झालं.

आता तर आपलंच चाकण या कामी आघाडीवर आहे. तिथे जुळणी होणाऱ्या मर्सिडीजच्या ईक्यूएसमध्ये ५६ इंचांची काचपट्टी या दारापासून त्या दारापर्यंत जाते. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये १२.३ इंचांचे तीन पडदे ओळीने आहेत. अलका टॉकीजला उभ्या आयुष्यात एक पडदा पुरला. आणि तिथे सिनेमा बघणाऱ्याला त्याच वेळी लकडी पुलावरून थिएटर चालवत न्यायचं नव्हतं.

आमच्या वाड्याची इमारत झाली तरी दुसऱ्या मजल्यावरचे काका वाड्यातलेच राहिले. त्यांच्याकडे अँबेसेडर होती. त्यांना माझी गाडी दाखवली तेव्हा त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही; पाय खाली घालून क्लचच्या डावीकडे काहीतरी चाचपलं.

"डिपरचं बटण इथे असे," ते म्हणाले. "डाव्या पायाने दाबायचं. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर."

"काका, आता सगळं या काचेवर असतं."

"अरे, रात्री लाइट गेली तर देवघरातली काडेपेटी तू बघून शोधतोस का? हात जातो तिथे. आणि पेटीवाला गवयाला साथ करतो तेव्हा बघतो कुठे? गवयाकडे. त्याच्या पेटीच्या पट्ट्या काढून सपाट काच बसव आणि सांग त्याला, वाजव आता यमन!"

काकांनी एका दमात जे सांगितलं त्यासाठी स्वीडनच्या लोकांना बारा गाड्या हाकाव्या लागल्या. तिथल्या 'वी बिलएगारे' या मोटारविषयक मासिकाने २०२२ साली अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्वो घेतली. ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने जाताना एसी, रेडिओ, दिव्यांचा उजेड अशी चार साधी कामं करायची. बटणवाल्या म्हाताऱ्या व्होल्वोत ती १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या गाडीत लागले ४४.९ सेकंद, अंतर १,३७२ मीटर. तेवढ्या अंतरात आमची अख्खी नारायण पेठ संपते.

इथे ११० चा वेग कुणाला मिळतो, असं कुणी म्हणेल. मान्य. केळकर रोडला ताशी १५ मिळाले तरी माणूस घरी जाऊन पेढे वाटतो. पण त्या १५ च्या वेगानेही ४४.९ सेकंदांत १८७ मीटर होतात. त्या १८७ मीटरमध्ये काय काय येतं? उलट्या बाजूने येणारे तीन स्कूटरवाले, हातगाडी, मधोमध थांबून 'अय्या, तू!' म्हणणाऱ्या दोन मैत्रिणी, फोनवर बोलत तिरका रस्ता ओलांडणारा विद्यार्थी, आणि एक आजोबा. आजोबा बाजूला होत नाहीत. त्यांचं म्हणणं, रस्ता आधी होता, गाडी नंतर आली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण सगळीकडे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकन युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नौसैनिक गेले. चौकशीत जी कारणं निघाली त्यांत सुकाणू आणि वेग सांभाळणारे टचस्क्रीनही होते. कोणत्या पडद्यावर कशाचा ताबा आहे हेच खलाशांना त्या घटकेला उमगलं नाही. त्यानंतर अमेरिकन नौदलाने वेगाचे दांडे पुन्हा हाताने ढकलायचे करायचं ठरवलं. ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही त्यांनी दांडा परत मागवला.

जर्मनीत २०२० साली कार्ल्सरूहच्या न्यायालयासमोर एक टेस्लावाला उभा होता. पाऊस पडत होता, वायपरचा वेग पडद्यावर बदलायला गेला आणि गाडी रस्ता सोडून झाडांत गेली. न्यायालयाने २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी कायम केली. गाडीला घट्ट बसवलेला पडदा झाला म्हणून काय झालं, ते इलेक्ट्रॉनिक उपकरणच, असा निकाल. आपल्याकडे २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून गाडी चालवताना फोन हातात धरणं हे धोकादायक चालवणं ठरतं. फक्त शब्द आहे 'हातात धरणं'. म्हणजे सहा इंचांचा फोन हातात धरला तर दंड, आणि बारा इंचांचा डॅशबोर्डला डकवला तर टॉप मॉडेल.

आता वारं फिरलं आहे. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने सांगून ठेवलं आहे: २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि मदतीची हाक, या पाच गोष्टींना हाताला लागणारी कळ नसेल तर गुण कापले जातील. फोक्सवॅगनच्या मुख्य डिझायनरने २०२५ मध्ये जाहीर कबुली दिली की बटणं काढणं ही चूक होती, ती पुन्हा होणार नाही; गाडी म्हणजे फोन नव्हे. हे वाक्य आमच्या काकांनी फुकट सांगितलं असतं.

आपल्याकडे भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. गाडी भिंतीवर आदळल्यावर आतल्या माणसांचं काय होतं हे त्यात नीट मोजतात. ती मुळात का आदळली, हेही कधीतरी मोजावं. त्यासाठी परदेशी जायला नको. १९६६ पासून एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था पुण्यातच आहे. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे निम्मे पुणेकर तिच्या कुंपणावरून जातात. तिथल्या तज्ज्ञांना माझी नम्र सूचना आहे की धडकेच्या प्रयोगशाळेला जोड म्हणून एक 'नारायण पेठ चाचणी' सुरू करावी. वेळ गणपतीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी सातची. पाऊस पडत असावा. मागच्या सीटवर एक आत्या असाव्यात. चालकाने मोदी गणपतीपासून निघून लक्ष्मी रोड गाठेपर्यंत काच पुसायची, एसी कमी करायचा, धोक्याचे दिवे लावायचे आणि गाण्याचा आवाज बंद करायचा. नजर एकदाही रस्त्यावरून हटली तर एक तारा कमी. आजोबांना मान वर करून बघावं लागलं तर दोन. आत्या बोलल्या तर गाडी परत कारखान्यात.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे. गाडी घ्यायला जाल तेव्हा पडदा किती इंचांचा हे विचारू नका. सीटवर बसा आणि डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनी एसी, वायपर, धोक्याचे दिवे आणि आवाज या चार गोष्टी हाताला सापडतात का ते बघा. चारही सापडल्या तर पुढचं बोला. नाही सापडल्या तर चेकबुक पिशवीत ठेवून उठा आणि का उठलात ते विक्रेत्याला मोठ्याने सांगून या. त्याला वाईट वाटेल, वरिष्ठ बाहेर येतील, शब्दाने शब्द वाढेल. वाढू द्या. गाडीत खटका नसेल तर तो शोरूममध्ये तरी उडालाच पाहिजे.