शिशाच्या शिपायाची इभ्रत

वॉटर्लूच्या लढाईच्या प्रतिकृतीतील 28 मिलिमीटर उंचीच्या शिशाच्या शिपायाची इभ्रत त्याच्या पराक्रमावर नव्हे, तर कोटाच्या गुंड्यांवर ठरते, हा रसिकमान्य दंडक सर्वथा शिरसावंद्य होय. आमच्या परिचयाचे एक परीक्षकमहाशय डोळ्याला भिंग लावून मसुराएवढ्या छातीवरील गुंड्या मोजतात, साच्याची रेघ नखाने चाचपतात आणि एक गुंडी उणी भरताच अख्खी पलटण बरतर्फ करतात. हाच न्याय पूर्वलक्षी प्रभावाने खऱ्या लढाईलाही लागू व्हावा, अशी आमची नम्र शिफारस होती. 18 जून 1815 रोजी नेपोलियनची शाही गार्ड, रात्रभराच्या पावसाने झालेला चिखल तुडवीत, कवायती पोषाखाऐवजी साधे ओव्हरकोट चढवून रणात उतरली, हा दाखला महाशयांनी शांतपणे वाचला, भिंग पुसले आणि शेरा मारला : ‘पलटण नकली, लढाई नामंजूर.’