सेल्फ पिळणाऱ्या मालकांस खुले पत्र

जुनी डिझेल गाडी बाळगणारे समस्त मालक यांस,
कृ. सा. न. वि. वि.

मालकांच्या पराक्रमाची वार्ता रोज पहाटे सगळ्या सोसायटीला कळते. निफाड-नाशिककडे पारा एक आकड्यावर उतरलेला असतो आणि खालून कुर्र-कुर्र सुरू होते. सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये त्याला मिनिटभर थंड होऊ द्यावे, असे सामान्य लोक मानतात. मालक सामान्य नाहीत. वायर तापते, बॅटरी बसते, मग धक्क्यासाठी शेजाऱ्यांचे खांदे आहेतच.

दुपारी मालक नवी बॅटरी आणतात. गेल्या हिवाळ्यातही आणली होती.

बॅटरीवरची ही माया अगदीच अनाठायी नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चालते इंजिन दाखवले, तेव्हापासून हा सगळा कारभार दाबलेल्या हवेवर चालतो. हवा वीसएक पट दाबली की इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पण ती झपाट्याने दाबायला हवी. सेल्फ रेंगाळला की हवा पिस्टनच्या रिंगांशेजारून निसटते आणि तिची ऊब थंड लोखंड पिऊन टाकते. म्हणून पैसे मोजण्याआधी मालकांनी मीटर लावावा. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात नसेल आणि तरीही इंजिन जड फिरत असेल, तर टर्मिनलवरचा पांढरा बुरा आणि अर्थिंगची पट्टी घासून पाहावी. ही घासाघीस बॅटरीच्या दुकानात विकत मिळत नाही, एवढाच तिचा दोष.

आणि सेल्फ जोमात फिरूनही गाडी उठत नसेल तर? तर एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मागे जाऊन सायलेन्सरकडे बघावे. या तपासणीला छदामही लागत नाही. कदाचित म्हणूनच ती कोणी करत नाही.

डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर आला, तर डिझेल आत पोचते आहे, जळत मात्र नाही. संशय हीटर प्लगवर. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाचे १४०५ सीसी डिझेल इंजिन घ्या. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या छोट्या कोठडीत फवारले जाते, आणि गार पडलेली ती कोठडी तापवायला हीटर प्लग असतात. चारांतले दोन मेले तरी मे महिन्यात कुणाला पत्ता लागत नाही. डिसेंबरात बिंग फुटते. डॅशबोर्डवरचा पिवळ्या वेटोळ्याचा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, हा मालकांचा गोड समज आहे. जुन्या गाड्यांत तो दिवा बहुधा नुसती वेळ मोजतो. प्लगवरची पट्टी सोडवावी, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे प्लगला लावावे. लॅम्प पेटला नाही, तर प्लग गेला.

धूरच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. फिल्टर चोंदलेला असेल, पंपावरचा सोलेनॉइड उघडत नसेल, पण बहुतेकदा लाइनीत एअर असते. जुना रबरी पाइप मोठा लबाड: थेंबभर डिझेल बाहेर सांडत नाही, पण हवा बिनबोभाट आत घेतो, कारण खालच्या टाकीतून पंप डिझेल ओढत असतो. हँड प्रायमर घट्ट लागेपर्यंत दाबावा. त्यानंतर गाडी चटकन सुरू झाली, तर दुखणे हातभर पाइप आणि दोन क्लिपांचे आहे. खात्री हवी असेल, तर पंपाआधी वीतभर पारदर्शक पाइप लावून बुडबुडे पाहावेत.

नोझल आणि कॉम्प्रेशन यांची पाळी या सगळ्यानंतर. कोपऱ्यावरचा मिस्त्री ‘इंजिन खाली घ्यावं लागेल, साहेब’ अशीच सुरुवात करतो, हा भाग वेगळा.

कळावे, लोभ असावा.
धक्का मारणारे समस्त शेजारी

ता. क. – एअर फिल्टरपाशी स्टार्टिंग स्प्रे मारला की गाडी एका झटक्यात उठते, याचे मालकांना फार कौतुक आहे. त्या डब्यात इथर असते आणि ते दोनशे अंशांच्या आतच पेट घेते. हीटर प्लग लाल असतील, तर पिस्टन वर पोचायच्या आधीच भडका होऊन रिंगा तुटू शकतात. डब्यावर हा इशारा बहुधा बारीक अक्षरांत छापलेला असतो. मालकांचा चष्मा नेमका तेव्हा वर घरी राहिलेला असतो.