पॉइंटकाका

आमच्या सोसायटीत त्यांना आडनावाने कुणी ओळखत नाही. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांचे ते पॉइंटकाका. एक तर मीटिंगमध्ये विषय पाण्याचा असो की पार्किंगचा, ते 'माझा एक पॉइंट आहे' म्हणत उभे राहतात. दुसरं कारण खाली पार्किंगमध्ये उभं असतं. त्यांच्या लहानशा गाडीत माणसं बसतात पाच आणि चार्जिंगचे पॉइंट आहेत सात.

गाडी आली तेव्हा त्यात एकच पॉइंट होता, तोही जुन्या काळच्या सिगारेट लायटरच्या जागेवरचा. चावी फिरवली की चालू, काढली की बंद. काकांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, पण चावी काढताच पॉइंट मान टाकतो हे त्यांच्या मनाला फार लागलं. "गाडी माझी, बॅटरी माझी, हप्ते माझे. वीज कधी द्यायची हे ठरवणारी ही चावी कोण?"

खरं तर हा राग चावीवरचा नव्हेच. 2005 च्या सुमारास काका तालुक्याच्या गावी नोकरीला होते. भारनियमनाचं वेळापत्रक तेव्हा देवघरातल्या पंचांगाशेजारी लटकत असे, आणि दोहोंपैकी पंचांग जास्त भरवशाचं होतं. अर्धी चटणी मिक्सरवर आणि उरलेली अर्धी पाट्यावर वाटायची, हा त्या घराचा शिरस्ता. त्या काळात तावून निघालेल्या माणसाला चालू असलेलं सॉकेट रिकामं बघवत नाही. पंक्तीत वाढपी समोर आल्यावर भूक नसली तरी आपण पान पुढे करतो, तसा तो चार्जर पुढे करतो.

असे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एखादे तरी असतातच. खिशाला पेन असेल-नसेल, टेस्टर असतोच. घरातला टेस्टर गाडीच्या बारा व्होल्टवर पेटत नाही, त्याला वेगळा दिवा लागतो, हे आपल्याला माहीत नसतं. आणि ते सांगून झाल्याशिवाय ते लिफ्टचं दार सोडत नाहीत.

पण काम चोख हं! पुण्यातल्या तापकीर गल्लीतून लाल वायर आणली, फ्यूज आणले, आणि तीन रविवार काका चटई टाकून डॅशबोर्डखाली उताणे पडले. बाहेर फक्त पाय दिसत. काकू चहाचा कप त्या पायांशी ठेवून मुकाट्याने वर जात. बॅटरीपासून वीतभर अंतरावर दहा अँपिअरचा फ्यूज बसला. बारा गुणिले दहा, म्हणजे एकशेवीस वॅट, हा हिशेब आमच्या मजल्यावरच्या पोरांना पाढ्यांआधी पाठ झाला. "फ्यूज हा फोनसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर तापून पेटू नये म्हणून," हे तत्त्व तर त्यांनी भाचीच्या साखरपुड्यात मुलाच्या वडिलांना सांगितलं. लग्न तरीही झालं.

सातही पॉइंट थेट बॅटरीवरून, 'डायरेक्ट'. चावी असो वा नसो, चोवीस तास चालू.

डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं महाबळेश्वरला गेलो. काकांनी डिकीत बारा व्होल्टचा छोटा फ्रिज ठेवला होता. पहिल्याच संध्याकाळी त्यात दोन किलो स्ट्रॉबेरी गेली. काकू शाल गुंडाळत म्हणाल्या, "अहो, बाहेर दात वाजताहेत. नुसती टपावर ठेवली तरी टिकेल की!"

"टपाला कटऑफ नसतो," काका म्हणाले. कटऑफ फ्रिजलाही नव्हता, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

चार अँपिअर खाणारा फ्रिज आणि पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी. हा भागाकारही पोरांना येत होता. काकांनी मात्र तो केला नाही, कारण आयुष्यभर त्यांनी वीज जाण्याचा हिशेब ठेवला होता, संपण्याचा नव्हे.

पहाटे विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहायला निघालो. कानटोप्या घालून सगळे गाडीत बसलो. काकांनी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा टकसुद्धा नाही. पोरांनी उतरून धक्का मारून पाहिला. पण हल्लीच्या गाड्यांतल्या कॉम्प्युटरला जागं व्हायलाही आधी वीज लागते. सूर्य हॉटेलच्या पाण्याच्या टाकीमागून वर आला. महाबळेश्वरला लोक पॉइंट पाहायला जातात. आम्हीही त्या पहाटे सात पाहिले. सातही बंद.

शेवटी एक टॅक्सीवाला जंपर केबल घेऊन आला. लाल प्लसला, काळी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, अशा सूचना काका देत होते आणि तो त्या ऐकायच्या आधीच पाळत होता. गाडी सुरू झाल्यावर त्याने बॉनेटमधला लाल वायरींचा जुडगा पाहिला आणि सहज विचारलं, "काका, एवढं सगळं डायरेक्ट कशाला घेतलं? चावीवर घ्यायचं ना."

मी काकांना निरुत्तर झालेलं पाहिलं ते तेवढ्या एकाच वेळी. काकूंनी टॅक्सीवाल्याला अर्धा किलो स्ट्रॉबेरी दिली. छान गार होती.

पुण्याला परतल्यावर पुन्हा चटई, पुन्हा पाय. या खेपेला एकाच रविवारात काम उरकलं. सातही पॉइंटना मिळून एक बटण बसलं. आता रोज रात्री अकरा वाजता काका लुंगीवर खाली येतात आणि चोवीस तास चालू राहणारे पॉइंट स्वतःच्या हाताने बंद करून वर जातात.

परवा मला थांबवून त्यांनी मुद्दाम नवी सुधारणा दाखवली. बटण बंद केलंय की नाही हे चौथ्या मजल्याच्या गॅलरीतूनही दिसावं, म्हणून शेजारी एक छोटा लाल दिवा लावलाय. बटण बंद केलं की तो पेटतो.

"आणि हा कुठून घेतला?" मी विचारलं.

"बॅटरीवरून," काका म्हणाले, "डायरेक्ट."