कसरबाईंस अनावृत पत्र

मु. पो. पुस्तकांचे कपाट, खण दुसरा, भिंतीकडची बाजू,
चिपळूण

श्रीमती कसरबाई यांस,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या पुस्तकांच्या कपाटावर आपल्या दोघींचा सारखाच हक्क आहे, असे तुमचे मत दिसते. माझी तक्रार मताबद्दल नाही, वाटणीबद्दल आहे. पुस्तके विकत मी आणायची, ती बांधून मी घ्यायची, पाहुण्यांनी ‘हे सगळं वाचलंय?’ असे विचारले की खोटे मी बोलायचे, आणि रात्री दिवा मालवला की जेवायला मात्र तुम्ही बसायचे. कसेल त्याची जमीन हे आम्ही कोकणातली माणसे जाणतो. खाईल त्याचे पुस्तक, असा कायदा अजून व्हायचा आहे.

तुमच्या घराण्याबद्दल मला आदरच आहे. डायनोसॉर जन्मायच्या कितीतरी आधीपासून तुमचे पूर्वज या पृथ्वीवर तुरुतुरु पळत होते. कागद आला तो दोनेक हजार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या हिशेबाने परवा. तोवर पालापाचोळा खरवडून दिवस काढलेत आणि चांगल्या दिवसांची वाट पाहिलीत, ही चिकाटी थोर आहे. १६६५ साली लंडनला रॉबर्ट हूक या गृहस्थांनी ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ छापला, त्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काढलेले तुमचे भलेमोठे चित्र आहे. अंगभर चंदेरी खवले, पुढे दोन लांब मिशा, मागे तीन शेपट्या. आमच्या घराण्यात कुणाचे चित्र कुठल्या ग्रंथात आलेले नाही. पंख नाहीत, उजेड सोसत नाही, तरी महिनोन्‌महिने उपाशी राहून टिकता. वयात आल्यावरही कात टाकत राहता. आमच्याकडे चाळिशीनंतर नुसता चष्म्याचा नंबर बदलतो.

आणि लोक तुम्हाला वाळवीच्या पंगतीला बसवतात तेही मला पटत नाही. वाळवी आली की कपाटासकट नेते. पानांतून आरपार गोल भोक पडले, तर तो भुंगेऱ्याच्या अळीचा उद्योग. तुम्ही त्यातल्या नाही. तुम्ही वरवर खरवडता, अक्षर अर्धे ठेवता, पुढच्या पुस्तकाकडे जाता. वर्तमानपत्रात पुस्तकपरीक्षणे लिहिण्याची पात्रता तुमच्या अंगी पुरेपूर आहे.

गाडे अडते ते तुमच्या चवीपाशी. तुमची खरी ओढ खळीकडे. जुन्या बाइंडरकडे मैद्याची खळ शिजत असे, तीत चिमूटभर मोरचूद पडे, तो तुमच्याच नावाने. फर्मे दोऱ्याने शिवायचे, पाठीला कापड डकवायचे, त्या कापडालाही कांजी. एवढे पान वाढल्यावर तुम्ही उठाल कशाला? आजच्या पुस्तकाची पाठ कापून गरम प्लॅस्टिकच्या गोंदात बुडवतात, वर लॅमिनेशन चढवतात. त्याला तुम्ही हुंगूनही पाहत नाही. बरोबरच आहे. त्याची पाने पहिल्याच वाचनात सुटी होऊन हातात येतात, तुमची गरजच उरलेली नाही. म्हणजे झाले काय, की जे पुस्तक कुणीतरी जीव लावून बांधले, ज्याला पुन्हा पुन्हा हात लागले, ज्याच्यावर चहा सांडला, तेलाचे बोट उमटले, नेमके तेच तुम्हाला आवडते. मलाही तेच आवडते. सवतींचे भांडण याहून वेगळ्या कारणाने होत नाही.

उदाहरणच देते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने निघाली. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. सोवळ्यापायी बाहेरून आलेली वस्तू न वस्तू धुवून घ्यायला लावणारे वडील आणि न सांगता घरातून निघून जाणारे पती टिळक, या दोघांनाही त्यांनी ज्या हसऱ्या चेहऱ्याने कागदावर उतरवले, तो चेहरा मराठीत पुन्हा कुणाला जमला नाही. हे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही. आमच्याकडची प्रत आत्याची. तिने समासात पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारल्या आहेत. लक्ष्मीबाई रडतात तिथे एकही रेघ नाही. त्या नवऱ्याला उत्तर देतात तिथे आहे. आत्या स्वतः कधी काही बोलली नाही. तिच्या संसाराबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते या रेघांवरून. त्यातल्या पाठीजवळच्या रेघा तुम्ही खाल्ल्यात. छापील मजकूर नव्या आवृत्तीत शंभरदा मिळेल. रेघा कुठल्या दुकानात मागू?

दुसरे, विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. हा पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडात जाऊन पडला. झाशीचा वेढा त्याने आत राहून पाहिला. वाटेत लुटला गेला, आणि तरीही परतला तो गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन. सगळे लिहून ठेवले, पण आपल्या मागे छापा म्हणून सांगितले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापले. एवढ्या लुटालुटीतून सुटलेला माणूस शेवटी आमच्या दुसऱ्या खणात येऊन तुमच्या तावडीत सापडावा! झाशीच्या प्रकरणाची कड तुम्ही कुरतडलीत. इंग्रजांनी निदान तोफा तरी आणल्या होत्या.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’बद्दल मात्र तुम्हाला फार बोलवत नाही. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापाने सांगून कितीतरी नव्या नवऱ्यांची अब्रू राखली, आणि आमच्या प्रतीत पाकाचे, तुपाचे, डाळीच्या पिठाचे इतके डाग आहेत की तो तुमच्यापुढे मांडलेला नैवेद्यच. पण पुरणपोळीच्या समासात आईच्या अक्षरात ‘गूळ कमी’ असे लिहिले होते. त्यातले ‘कमी’ तुम्ही खाल्लेत. यंदाच्या होळीला काय झाले ते शेजारच्या वहिनींना विचारा.

तुम्ही काय खात नाही, तेही एकदा बोलून टाकते. एका पतपेढीची रौप्यमहोत्सवी स्मरणिका आहे. तिच्यात संचालक मंडळाचे फोटो आणि जाहिराती यांच्या मध्ये एक लेख चुकून राहिला आहे. कुणाच्या तरी अमृतमहोत्सवाचा गौरवग्रंथ आहे. ‘सप्रेम भेट’ असे लिहून आलेले कवितासंग्रह आहेत, ज्यांचे कवी भेटले की मी रस्ता बदलते. आमच्या ह्यांनी आणलेली श्रीमंत कसे व्हावे या विषयावरची पुस्तके आहेत, ज्यांनी फक्त लेखक श्रीमंत झाले. ही सगळी रांग कशी कोरी करकरीत! मी ती मुद्दाम तुमच्या वाटेवर आणून ठेवली. तुम्ही वळसा घालून जुन्या दिवाळी अंकांकडे गेलात. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस चकलीच्या हाताने अंक उलटतो आहे, त्यात तुमची केवढी सोय होईल, याचा विचार मित्रांनी केला नसावा. आणि तिथेही तुम्ही गाठलेत ते ‘दीपावली’चे अंक, दीनानाथ दलालांच्या चित्रांचे. मुखपृष्ठावरच्या बाईचे पाऊल खाल्लेत. चव आहे हो तुम्हाला, नाही म्हणत नाही.

पुस्तकांपुढे जी बोटभर जागा उरते तिथे माझे सटरफटर असते. सून त्याला पसारा म्हणते. तिच्या घरच्या कपाटात पुस्तकांच्या जागी फुलदाणी आहे. माझ्या पसाऱ्यात आजीच्या चष्म्याचे घर, आजोबांची पितळी दौत, चार कवड्या, जाळी पडलेले पिंपळपान, कुंभार्ली घाटाने कराडला गेल्याची एसटीची तिकिटे. पितळेला तुम्ही तोंड लावत नाही, ठीक. पण गंजिफांना? सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा डाव १२० पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा गोल पाने. राजा, वजीर आणि एक ते दहा. जुनी पाने कापडावर चिंचोक्याची खळ चढवून, घोटून, मग रंगवत, आणि इथेच तुमचे कान टवकारले असणार. आमच्याकडे पुरा डाव नाही, वाटणीत आलेली सुटी पाने आहेत, आणि खेळ तर घरात कुणालाच येत नाही. तरी ती दर दसऱ्याला काढून पुसायची आणि परत ठेवायची, एवढाच त्यांचा उपयोग. त्यातल्या कूर्मावताराच्या पानावरचे कासव तुम्ही पाठीकडूनच सोललेत. प्रत्यक्ष विष्णूला कवच पुरले नाही, तिथे माझ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचे काय चालणार?

फोटोंचा गुन्हा मात्र मी माफ केला आहे. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो, तो तुम्हाला मानवतो. आमच्या एकत्र कुटुंबाच्या फोटोतून तुम्ही तेवढे एकच काका पुसलेत, ज्यांनी पुढे आमच्यावर वाटणीचा दावा लावला. आई असती तर तुम्हाला साखर घातली असती.

चिपळुणात कुठले पुस्तक कुठल्या खणात ठेवायचे, हे वाशिष्ठी नदीला विचारून ठरवावे लागते. २६ जुलै २००५ ला ती घरात आली, २२ जुलै २०२१ ला पुन्हा आली. आमचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. दोन्ही पुरांत तिथल्या पुस्तकांचा चिखल झाला आणि दोन्ही वेळा गावाने ते पुन्हा उभे केले. आमच्याही खालच्या खणातल्या शब्दकोशाच्या पाठीवर गाळाची रेघ अजून आहे, आणि ‘प’पासून पुढची पाने पापडासारखी वाजतात. पुराचा दोष मी तुमच्यावर ठेवत नाही. पण पाणी ओसरले, पुस्तके उभी करून पंख्याखाली वाळत ठेवली, पुठ्ठ्यांवर बुरशी धरली, आणि पंचनाम्याला तलाठी यायच्या आधी तुम्ही सहकुटुंब त्या बुरशीवर हजर! याला शेजारधर्म म्हणत नाहीत.

उपाय सगळे करून झाले. वेखंडाच्या कांड्या, कडुलिंबाचा पाला, तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या. गोळ्यांनी शिंका मला येतात, तुम्हाला काही होत नाही. जुने लोक पोथी दोन फळ्यांत दाबून बासनात करकचून बांधत. लिहिताना अक्षर चुकले तर त्यावर हरताळ फासत. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे खनिज. तेव्हा ज्या लेखनिकाच्या चुका जास्त, त्याची पोथी तुमच्यापासून जास्त सुरक्षित. माझ्या आवडत्या लेखकांची मुद्रिते नीट तपासली गेली, हे त्यांचे दुर्दैव.

भाचा म्हणतो, सगळे स्कॅन करून मोबाइलमध्ये घाल आणि कपाट मोकळे कर. मोबाइलमध्ये आत्याची पेन्सिल दिसेलही. पण मोबाइल उलटा धरून झटकला तर त्यातून कराडचे तिकीट पडेल का, एवढे त्याने मला सांगावे.

तेव्हा तहाचा मसुदा खालीलप्रमाणे. पहिला आणि दुसरा खण माझा. तिसऱ्या खणातल्या स्मरणिका, गौरवग्रंथ आणि श्रीमंतीची पुस्तके तुम्हाला वंशपरंपरेने इनाम. लॅमिनेशन मी स्वतः सोलून देईन, वर हवी तर पिठीसाखर भुरभुरवीन. दिवाळी अंकांतली राशिभविष्याची पाने तुमची, कारण सरलेल्या वर्षाचे भविष्य मला नको आहे. ‘रुचिरा’वर दोघींचा सामाईक हक्क, पण छापील मजकुरापुरता. हाताने लिहिलेल्या अक्षराला, पेन्सिलीच्या रेघेला आणि पानांत ठेवलेल्या कोणत्याही वस्तूला तोंड लावायचे नाही. कवितासंग्रहांबद्दल जबरदस्ती नाही. ते पचत नसतील तर मी समजू शकते. आणि फोटोंतून आणखी कुणाला पुसायचे, त्याची यादी मी स्वतंत्रपणे पाठवते आहे.

कळावे. लोभ आहेच, तो आवरावा ही विनंती.

आपली,
कपाटाची मालकीण (कागदोपत्री)

ता. क. या पत्राची एक प्रत दुसऱ्या खणात, तुमच्या नेहमीच्या वाटेवर, पुठ्ठ्याला चिकटवून ठेवली आहे. खळ ताजी आहे, मैद्याची, थोडी साखर घालून शिजवलेली. तीत दोन चमचे बोरिक पावडरही आहे. हे इथे उघड लिहायला मला काहीच भीती वाटत नाही, कारण इतकी वर्षे या कपाटात राहून तुम्ही अजून एकही ओळ वाचलेली नाही.